साडीतली मरिया

जळगाव स्टेशनावर उतरून अजिंठ्याची वाट धरणारे प्रवासी आपण खानदेशवाले लहानपणापासून पाहत आलो आहोत. लेणी आपल्या जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे आहेत खरी. पण अंतर साठेक किलोमीटरचे, आणि मनाने ती आपण केव्हाच आपलीशी करून टाकली आहेत. ह्या लेण्यांतून निघालेली एक वाट मात्र फारशी कोणाच्या ध्यानात नाही. ती इथून बंगालमध्ये जाते, तिथून गोव्यात येते, गोव्यात तिला धक्काबुक्की होते, आणि अखेर पुण्याला शिवाजीनगरच्या एका ख्रिस्ती आश्रमात ती मुक्काम करते. त्या वाटेने आज तुम्हांला थोडे हिंडवून आणावे असा बेत आहे.

१९०९ च्या हिवाळ्यात लेडी हेरिंगहॅम नावाच्या एक इंग्रज विदुषी अजिंठ्याला आल्या. भिंतींवरली चित्रे झडून जाण्यापूर्वी त्यांच्या नकला उतरून घ्याव्यात, हा त्यांचा हेतू. मदतीला कलकत्त्याहून काही तरुण चित्रकार आले, त्यांत नंदलाल बोस होते. अंधाऱ्या गुहेत तासन् तास बसून दुसऱ्याची रेषा गिरवायची, म्हणजे ती रेषा हातात मुरल्याशिवाय राहत नाही. पद्मपाणीची किंचित कललेली मान, अर्धवट मिटलेले डोळे, कमळाच्या देठाभोवती लवलेली बोटे, सावळी अंगकांती, हे सारे नंदलालांनी बरोबर नेले आणि पुढे शांतिनिकेतनात आपल्या शिष्यांना दिले.

नंदलालांचा आणि आपला संबंध तेवढ्यावरच संपत नाही. १९३६ च्या डिसेंबरात यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, आणि तयारीसाठी राबणाऱ्यांत साने गुरुजी. ह्या अधिवेशनाची सजावट गांधीजींनी नंदलालांकडे सोपवली. अट एकच : सामान गावचे हवे. तेव्हा बांबू आणि असलेच भोवतालच्या मुलखात मिळणारे साधे साहित्य घेऊन नंदलालांनी ते नगर उभे केले. ही गोष्ट जरा लक्षात असू द्या. शेवटी तिच्याकडे यायचे आहे.

नंदलालांच्या शिष्यांत एक गोवेकर होता. आंजेलो द फोन्सेका त्याचे नाव. जन्म १९०२ सालचा, गोव्यातल्या सांतइस्तेव बेटावरचा. घराणे खातेपिते, कॅथॉलिक. आधी वैद्यकीचा अभ्यास, तो सोडून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत, आणि तिथली इंग्रजी तालीम मनाला पटेना म्हणून थेट शांतिनिकेतन. तिथे अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस हे गुरू मिळाले. जलरंगाचा पातळ हात द्यायचा, कागद पाण्याने धुवून काढायचा, पुन्हा हात द्यायचा, अशी ती बंगाली पद्धत. ह्यातले धुण्याचे तंत्र कलकत्त्यास आलेल्या जपानी चित्रकारांकडून उचललेले. म्हणजे गोव्याच्या ह्या तरुणाच्या कागदावर अजिंठा आणि जपान दोन्ही एकदम उतरले. विषय मात्र त्याचा स्वतःचा, आईच्या मांडीवर ऐकलेला : येशू, मरिया, योसेफ, संतमंडळी.

आणि मग त्याने मरियेला साडी नेसवली.

आज तुम्ही म्हणाल, ह्यात एवढे काय? पण १९३०-३५ च्या गोव्यात हे चित्र लोकांना झोंबले. मरियामाता म्हणजे गोरीपान, निळा झगा, सोनेरी केस. सावळी, अनवाणी, डोक्यावरून पदर घेतलेली बाई देवाची आई कशी असेल? टीका इतकी झाली की फोन्सेकांना गाव सोडावे लागले.

ह्या रागाला जुने मूळ आहे, आणि ते समजून घेतल्याखेरीज रागावणाऱ्यांना न्याय मिळणार नाही. गोव्यात १५६० साली धर्मन्यायालय बसले आणि मधली थोडी वर्षे वगळता ते १८१२ पर्यंत टिकले. त्या न्यायालयाने १७३६ साली एक लांबलचक फर्मान काढले. नव्या ख्रिस्ती माणसाने काय काय करू नये ह्याची ती यादी. पुरुषांनी धोतर नेसू नये, बायकांनी चोळी घालू नये, दारात तुळस लावू नये, लग्नात अमुक गाणी म्हणू नयेत, तमुक पदार्थ रांधू नयेत. कपड्यावरून, ताटावरून, अंगणातल्या रोपावरून माणसाचा धर्म तपासला जाई. अशा धाकात पिढ्यान् पिढ्या गेल्यावर साडी हे नुसते वस्त्र राहत नाही. ती हद्द होऊन बसते. पूर्वजांनी भीतीने, पैसा मोजून, नातीगोती तोडून जी हद्द ओलांडली, ती हा शांतिनिकेतनातून आलेला पोरगा खुशाल पुसतो आहे, असे त्या लोकांना वाटले असल्यास नवल नाही.

असाच पेच त्याच सुमारास चीनमध्येही पडला होता, आणि तिथली हकिकत आपल्यापेक्षा अधिक व्यवस्थित नोंदलेली आहे. चीनमध्ये सोळाव्या शतकाच्या अखेरीस माटेओ रिची हा जेझुइट पंडित राहिला तो चिनी विद्वानाचा पोशाख करून, चिनी ग्रंथ अभ्यासून. पुढे पूर्वजांना आणि कन्फ्यूशियसला चिनी ख्रिस्ती माणसाने वंदन करावे की नाही ह्यावरून शंभर वर्षे वाद माजला, आणि १७४२ साली रोमने त्यावर बंदी घातली. आपल्याकडेही १६०६ पासून मदुरेला राहून संन्याशाचा वेष घेणाऱ्या रॉबर्ट दी नोबिलीच्या परंपरेला १७४४ साली असाच लगाम बसला. एकोणिसाव्या शतकात चीनमध्ये देवळे उठली ती युरोपी धाटणीची, टोकदार कमानींची. आणि तीही कोणत्या काळात? परकी आरमारांनी चिनी बंदरे तोफांनी उघडून घेतली त्या काळात. १९०० साली बॉक्सरांचे बंड झाले तेव्हा लोकांचा राग ह्या इमारतींवर का निघाला, हे वेगळे सांगायला नको. पेकिंगच्या उत्तरेकडल्या मोठ्या चर्चला तर तेव्हा वेढाच पडला.

१९२२ साली पोपचे प्रतिनिधी म्हणून चेल्सो कोस्तान्तिनी चीनमध्ये आले. हा गृहस्थ स्वतः कलेचा जाणकार. त्यांचे म्हणणे सरळ होते : चिनी मातीत परदेशी देऊळ बांधणे म्हणजे आमचा धर्म परका आहे असे दगडातच लिहून ठेवणे. त्यांच्या प्रेरणेने बेल्जियममधून आलेल्या ग्रेस्निख्त नावाच्या बेनेडिक्टाइन साधूने पेकिंगच्या फूजेन कॅथॉलिक विद्यापीठाची इमारत १९३० च्या सुमारास चिनी राजवाड्यांच्या घाटात उभारली. छपराच्या वर वळलेल्या कडा, कोपऱ्यावरचे बुरूज, मधे चौक. चेन युआन्दु नावाच्या एका चिनी चित्रकाराची चित्रे प्रदर्शनात पाहून कोस्तान्तिनींनी त्याला बायबलमधले प्रसंग रंगवायला सुचवले. तो तेव्हा ख्रिस्ती नव्हता. रेशमावर, शाईत, बांबूच्या बनात बसलेली मरिया तो रंगवू लागला, आणि १९३२ मध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला. नाव घेतले लूक, चित्रकारांच्या संताचे. पाठीशी रोमचा अधिकारी, हाताशी विद्यापीठ, असे चिनी कलावंतांचे भाग्य होते.

फोन्सेकांच्या पाठीशी असे कोणी नव्हते म्हणणे बरोबर होणार नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले फादर हेन्री हेरास, इतिहाससंशोधक, जन्माने स्पॅनिश, हे त्यांचे पाठीराखे. भारतीय ख्रिस्ती कला हवी, असे ते आग्रहाने मांडत, आणि आंजेला त्रिंदाद ह्यांच्यासारख्या चित्रकर्तीलाही त्यांनी उत्तेजन दिले. पण पाठीराखा वेगळा आणि राहायला छप्पर वेगळे. ते छप्पर फोन्सेकांना मिळाले एका निराळ्याच पंथाकडे. जॅक विन्स्लो ह्या इंग्रज धर्मोपदेशकाने १९२२ साली नगर भागात ‘ख्रिस्त सेवा संघ’ काढला होता. हे अँग्लिकन, म्हणजे प्रॉटेस्टंटांच्या बाजूचे. खादीचे कपडे, जमिनीवर बैठक, शाकाहारी जेवण, हिंदी आणि इंग्रज एका पंगतीला. पुढे संघ पुण्याला शिवाजीनगरात आला. व्हेरियर एल्विन हिंदुस्थानात प्रथम आले ते ह्याच संघात, १९२७ मध्ये. कॅथॉलिक फोन्सेका ह्या अँग्लिकन आश्रमात येऊन राहिले आणि चित्रे काढीत बसले. आपल्या घरच्यांनी दार लावले आणि शेजाऱ्याने माजघरात जागा दिली, असा तो प्रकार.

पुण्यात फोन्सेकांची मरिया आणखी बदलली असे मला वाटते. बंगाली चित्रांतले ते धूसर, स्वप्नाळू वातावरण हळूहळू निवळते आणि रोजच्या बायका दिसू लागतात. पाणी भरणाऱ्या, पोर कडेवर घेतलेल्या, समईपुढे बसलेल्या. येशूच्या डोक्यामागचे तेजोवलय तेवढे जुन्यातले राहते, आणि गंमत अशी की तेही काही परके नव्हे. बुद्धाच्या मस्तकामागे प्रभावलय कोरण्याची रीत आपल्या देशात होती, तेव्हा युरोपातल्या ख्रिस्ती चित्रकलेत ते अजून यायचे होते. अजिंठ्याच्या पद्मपाणीवरून मरियेकडे यायला फोन्सेकांना म्हणूनच फार लांब जावे लागले नाही. त्यांनी हजाराच्या घरात चित्रे केली. १९६७ साली पुण्यात ते वारले. त्यांचा मोठा संग्रह कुटुंबीयांनी पुढे गोव्यात पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राला दिला. ज्या गोव्याने चित्रकाराला बाहेर काढले तिथेच चित्रे परत गेली. गोव्याला जाल तेव्हा समुद्राबरोबर हेही बघून या.

कोणी म्हणेल, हे सगळे शहाण्यांनी ठरवून केलेले मिश्रण. तसे नाही. कारागिरांनी ते न ठरवता फार आधीच करून ठेवले आहे. सतराव्या शतकात गोव्याचे हस्तिदंती काम करणारे कारागीर ‘मेंढपाळ येशू’ कोरीत, तो डोळे मिटून, गालाला हात लावून असा बसलेला असे की पाहणाऱ्याला बुद्धाची आठवण व्हावी. गोव्याच्या काही देवळांत पाद्री ज्या व्यासपीठावरून प्रवचन करतो त्याला खालून आधार देणाऱ्या आकृती पाहा : कमरेखाली नागिणी! फर्मान काढणारे वर होते, पटाशी ज्याच्या हातात तो खाली होता. शब्दांत हेच काम फादर स्टीफन्सने केले. १६१६ साली छापलेले त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत आहे, कारण कथा ऐकायची ती ओवीत, हे त्याने इथे राहून ओळखले. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती मंदिरात नेले.

उलट दिशेनेही माल गेला आहे बरे का. आपल्यापैकी पुष्कळांची कुलदैवते गोव्यात. मंगेशी, शांतादुर्गा ह्या देवळांचे घुमट आणि कमानीच्या खिडक्या नीट पाहिल्यात तर शेजारच्या चर्चची सावली त्यांवर पडलेली दिसेल. आणि चिमाजी आप्पाने १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हाच्या चर्चमधल्या घंटा आपल्या देवस्थानांत टांगल्या गेल्या. नाशकातली नारोशंकराची घंटा त्यांतलीच म्हणतात. भीमाशंकराला जी घंटा आहे तिच्यावर क्रूस आहे, आणि ती वाजवताना कोणाही भाविकाचा हात अडखळत नाही.

चित्राचे असे जमते. इमारतीचे इतके सोपे नाही. चित्र कोणीही, कुठेही टांगू शकतो. देऊळ वापरावे लागते. हिंदू देवळाची रचना दर्शनासाठी आहे. चांगदेवचे मंदिर घ्या, धुळे जिल्ह्यातली बलसाण्याची हेमाडपंती देवळे घ्या : सभामंडप, अंतराळ, मग लहानसा अंधारा गाभारा, आणि त्यात देव. माणूस एकेकटा पुढे जातो, दर्शन घेतो, प्रदक्षिणा करून बाहेर येतो. ख्रिस्ती उपासना सगळ्यांनी एकदम, एका वेळी, एका वेदीभोवती करायची. दोनशे माणसांना वेदी दिसली पाहिजे आणि वाचन ऐकू आले पाहिजे. तेव्हा गाभाऱ्याची नक्कल करून भागत नाही. नुसते शिखर चढवावे तर ती सिमेंटची टोपी होते. कोस्तान्तिनींच्या चीनमध्येही हीच तक्रार निघाली होती की खाली युरोपी दिवाणखाना आणि वर चिनी छप्पर, ह्याला चिनी वास्तू म्हणायचे का?

आपल्या देशात ह्या प्रश्नाला धीटपणे हात घातला तो दक्षिणेत दोर्नकलला, बिशप अझरिया ह्यांनी. पहिले हिंदी अँग्लिकन बिशप ते. त्यांचे कॅथीड्रल १९३९ च्या जानेवारीत पुरे झाले. त्यात देवळाचे खांब आहेत, मशिदीचे घुमट आणि मिनार आहेत, आणि आत सगळी मंडळी मावेल असे प्रशस्त दालन आहे. पाहणाऱ्याला ती थोडी खिचडी वाटेल. मला मात्र ती प्रामाणिक खिचडी वाटते. शिजवणाऱ्याने घरातलेच धान्य घेतले आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये स्पष्टच सांगितले की चर्चने कोणतीही एक कलाशैली आपली म्हणून मानलेली नाही. त्यानंतर १९६९ च्या एप्रिलमध्ये हिंदुस्थानातल्या कॅथॉलिक बिशपांनी मागितलेल्या बारा सवलती रोमने मान्य केल्या. त्या वाचल्यावर आपल्याला हसू येईल, कारण त्या सगळ्या आपल्या घरातल्या गोष्टी : पादत्राणे बाहेर काढावीत, जमिनीवर बसावे, गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून वाकावे, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा, उदबत्ती, आरती. इतक्या साध्या गोष्टींना रोमची परवानगी लागावी! आणि परवानगी मिळाल्यावरही खुद्द इथल्या ख्रिस्ती लोकांतूनच जोराचा विरोध व्हावा, हे त्याहून आश्चर्य. पण विरोध करणारे सगळेच काही साहेबी थाटाचे नव्हते. त्यांतल्या एका गटाचे म्हणणे ऐकून घेण्यासारखे आहे.

नगर, नाशिक ह्या पट्ट्यातले पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबे पूर्वाश्रमीची अस्पृश्य मानलेल्या समाजांतली. १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर जो सत्याग्रह झाला तो आठवा. ज्या घरातल्या आजोबांना त्या दारातून आत जाऊ दिले नाही, त्या घरातल्या नातवाला तुम्ही सांगता, बाबा, आता आपले चर्चही देवळासारखे करू, संस्कृत स्तोत्र म्हणू, पद्मासन घालू, हे खरे भारतीय. तो विचारतो, कोणाचे भारतीय? ती टोकदार कमान विलायती असेल, पण तिच्याखाली मला पहिल्यांदा कोणीतरी बाकावर शेजारी बसवले. ह्या माणसाला काय उत्तर द्याल? त्याच्या बोलण्यात वजन आहे. फोन्सेकांना गावकऱ्यांनी हाकलले ते अन्यायाचेच होते, असे मी म्हणेन. पण ह्या नातवाचा प्रश्न त्या गावकऱ्यांच्या रागासारखा नाही. ज्याला हाकलले तो इथे स्वतःच बोलतो आहे.

दुसऱ्या बाजूने हिंदू शेजाऱ्यालाही शंका येते. भगवी कफनी, आरती, ओंकार, हे सगळे पाहून त्याला वाटते, ही आपल्याला ओढण्याची युक्ती तर नव्हे? तीही शंका नुसती झटकून टाकता येत नाही. दी नोबिलीपासून ती चालत आलेली आहे.

आता आपल्या खानदेशाकडे येतो. जळगाव, धुळे आणि १९९८ मध्ये धुळ्यातून निघालेला नंदुरबार हे जिल्हे १९८७ पासून नाशिकच्या कॅथॉलिक धर्मप्रांतात आहेत. भुसावळला रेल्वेबरोबर आलेली जुनी ख्रिस्ती वस्ती एक, तिची रीतभात बरीचशी रेल्वेच्या साहेबी वसाहतीतली. आणि सातपुड्याच्या अंगाने राहणारी आदिवासी मंडळी दुसरी, त्यांच्यात कॅथॉलिकांहून निराळ्या मिशनांचे कामही जुने. एकाची बोली इंग्रजी-कोकणीकडे झुकणारी, दुसऱ्याची भिलोरी, मावची, पावरी. ह्या दोघांना एकच ‘भारतीय’ देऊळ बांधून द्यायचे तर ते कोणाचे? पावरा बाईला गॉथिक कमान परकी, पण अजिंठ्याची राजकन्याही तितकीच परकी. तिची मरिया फोन्सेकांच्या मरियेसारखी साडी नेसेलच असे नाही. तिच्या घराला कुडाच्या भिंती, सागाचे खांब; सणाला ढोल आणि बासरी. खाली तापीकाठच्या काळ्या मातीत धाब्याची घरे, उन्हाळ्यात आत गारवा धरणारी. मे महिन्यात चव्वेचाळीस अंशांवर पारा गेला म्हणजे पत्र्याच्या उंच दालनात दोन तासांची उपासना करून बघा, म्हणजे वास्तुकलेचा प्रश्न केवळ सौंदर्याचा नाही हे तिथेच उमजेल.

इथे फैजपूर आठवते. नंदलालांनी अजिंठ्याची नक्कल तिथे आणली नाही. अजिंठा हातात मुरलेला असूनही त्यांनी बांबू उचलला, कारण तिथे बांबू होता, आणि तो विणणारी माणसे तिथे होती. काम त्यांच्याकडून करून घेतले. कोस्तान्तिनींनी चेनला चित्र कसे काढ ते सांगितले नाही. विषय दिला आणि ब्रश त्याच्याच हाती ठेवला. सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यावर उद्या प्रार्थनाघर बांधायचे निघाले, तर नकाशा पुण्या-मुंबईच्या वास्तुविशारदाने, मग तो देशी घाटाचा का असेना, पाठवण्याआधी त्या पाड्यावरच्या सुताराला आणि भिंती सारवणाऱ्या बायकांना एकदा विचारायला हवे, दार कोणत्या दिशेला ठेवू, आणि येशूची आई कुठे बसवू. त्या काय सांगतील ते आपल्याला आज ठाऊक नाही. कदाचित त्या निळा झगाच मागतील.